मंजुळेचा नारळ

१९६४ साल. नेहरू गेले ते वर्ष म्हटलं की आमच्या पिढीला लगेच कळतं. उन्हाळ्यात ते गेले, आणि गणपतीच्या थोडं आधी, श्रावण संपत आला असताना, माझा थोरला भाऊ मंजुळेला कडेवर घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

मंजुळा त्याची मुलगी. सहावं सरत आलेलं. कडेवर घ्यायचं ते वय नव्हतं. लांब पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते, आणि तिने दोन्ही हातांनी पोटाशी एक नारळ धरला होता. नारळाला कुंकू लावलेलं. एस. टी.च्या धुळीने आणि घामाने ते तिच्या फ्रॉकभर पसरलं होतं.

"खाली उतरव की तिला, दादा. घोडी झालीय आता," मी म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला आणि तसाच आत आला.

मी तेव्हा नगरला तोफखाना भागात दोन खोल्यांत राहत होते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वराने नवरा गेला, त्यानंतर शिकून नोकरीला लागले, आणि तेव्हापासून एकटीच. माझं माहेर शेवगावच्या पुढे. तिथे आई, दादा, सरूवहिनी आणि ही मंजुळा. वहिनीला नुकताच मुलगा झाला होता. ती अजून बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली नव्हती.

मंजुळेला मी खाटेवर बसवलं. फडक्याने तोंड पुसायला गेले तर तिने मान फिरवली.

"नारळ दे, देवापाशी ठेवते."

"नको."

"बरं, नको. दूध घेणार?"

"नको."

दादा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. भिंतीला टेकून उभा राहिला आणि हळू आवाजात बोलू लागला. वर्षभर पोर लंगडत होती. आधी वाटलं काटा लागला, मग वाटलं लाडाने करते. आता रात्री झोपेत ओरडते. तालुक्याच्या डॉक्टरने हाडाचा फोटो काढायला सांगितला.

"कमरेच्या सांध्यात ती कीड शिरलीय म्हणतात."

"कुठली कीड?"

"तीच गं. नाव काढू नको." त्याने दाराकडे पाहिलं. "हाडाचा क्षय. गावात कळलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल? आईने तर सक्त ताकीद दिलीय. इथल्या मोठ्या दवाखान्यात दाखव. तू इथे आहेस म्हणून बरंय बघ."

"तिला काय सांगितलंय?"

"काही नाही. आत्याकडे राहायला जायचं, एवढंच. लहान आहे. तिला काय कळतंय? उगाच घाबरेल. तूही काही बोलू नको, सुभे. शप्पथ घे माझी."

मी शपथ घेतली नाही, पण बरं म्हणाले.

चहा पिऊन झाल्यावर दादाने टोपी घातली. मंजुळेच्या डोक्यावर हात ठेवला. "कोपऱ्यावरून पान खाऊन येतो हं," म्हणाला, आणि गेला. ती दाराकडे बघत बसली. पान खायला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ गेला. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं,

"अण्णा गावाला गेले ना?"

"हो."

ती रडली नाही. नारळ उशीमागे सरकवला आणि त्यावर डोकं ठेवून पडली.

पुढचे दिवस मी विसरणं शक्य नाही. माझ्या वर्गात चाळीस पोरी असत, पण या एकीने मला जेरीला आणलं. भाकरी केली तर म्हणायची, "जाड आहे." पातळ केली तर म्हणायची, "कच्ची आहे." आमटीत तिने मुद्दाम पाण्याचा तांब्या ओतला. माझा एकुलता एक चिनी मातीचा पेला माझ्यादेखत खिडकीतून खाली सोडला. सोडला म्हणजे फेकला नाही. हात लांब करून, माझ्याकडे बघत, बोटं उघडली.

"असं का केलंस?"

"मी वाईट मुलगी आहे," ती शांतपणे म्हणाली. "आमच्या गावात कुणालाही विचार. मी चोऱ्यापण करते."

"काय चोरलंस?"

तिला पटकन काही सुचलं नाही. "गूळ," ती म्हणाली.

मला हसू आलं. माझं हसू पाहून तिचा चेहरा इतका पडला की मी गप्प झाले. का पडला, ते मात्र कळलं नाही.

शेजारच्या ताराबाई कासार जिन्यातून डोकावून म्हणाल्या, "बाई, भाचीबाई फार द्वाड दिसते. पाठवून द्या परत." मंजुळा लंगडत दारापर्यंत आली. म्हणाली, "हो, हो. तुम्ही सांगा ना तिला." ताराबाई पदराने तोंड झाकून हसत खाली गेल्या.

गणपतीच्या दिवशी मी विचार केला, पोरीला जरा गोडधोड करावं. घरात ओलं खोबरं नव्हतं. तिच्या उशीमागचा नारळ घेतला, शेंडी सोलली आणि उंबऱ्याशी बसून वर हात उचलला. ती कुठून आली कळलं नाही. त्या दुखऱ्या पायाने तिने खाटेवरून उडीच घातली असावी. माझ्या मनगटाला कडकडून चावली.

"फोडायचा नाही! फोडायचा नाही! फोडायचा नाही!"

"अगं, मोदक करते तुला."

"मला नकोत मोदक! तो माझा आहे!"

मी नारळ तिच्या हातात दिला. ती जमिनीवर पडून थरथरत होती. दुखण्याने की रागाने, ते मला सांगता येत नव्हतं. त्या वर्षी माझ्या गणपतीला गूळखोबऱ्याऐवजी नुसत्या गुळाचा नैवेद्य झाला.

दवाखान्यात फोटो निघाला. डॉक्टर कर्णिक उंच, वाकलेले गृहस्थ होते. फोटो खिडकीशी धरून त्यांनी मला खुब्याचा सांधा दाखवला. "इथली कड कुरतडली गेलीय. उशीर झालाय, पण फार नाही. सुया आणि गोळ्या आहेत आता त्यावर. आधी पाय वजनाने ओढून ठेवू. सूज उतरली की कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर. बरेच महिने लागतील. तिने हलता कामा नये, हीच सगळी गंमत आहे."

"बरी होईल?"

"होईल. थोडी लंगडेल कदाचित." त्यांनी फोटो खाली ठेवला. "तिला सांगितलंय का, काय होणार आहे ते?"

"लहान आहे हो," मी म्हणाले. दादाचंच वाक्य माझ्या तोंडून आलं.

"पाय तिचा आहे," ते म्हणाले. "मीही सांगेन, पण मला बघून मुलं आधी रडतात, मग ऐकतात. तुम्ही मास्तरीण आहात. बघा."

मी पाहिलं नाही. दादाला बरं म्हटलं होतं. घरी येताना टांग्यात तिला एवढंच म्हणाले, "आता थोडे दिवस तुला तिकडे मोठ्या घरात झोपायचंय. पुष्कळ मुलं आहेत तिथे."

"आणि तू?"

"मी रोज येईन."

"नारळ नेऊ?"

"ने."

लहान मुलांचा वॉर्ड लांबलचक होता. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मध्ये टेबल, टेबलावर औषधाच्या बाटल्या. भेटीची वेळ संध्याकाळी फक्त तासभर. आईबापांनाही आत राहू देत नसत. तेव्हा सगळीकडे तशीच पद्धत होती. आम्ही गेलो तेव्हा सिस्टरने तिच्या पायाला चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्याच्या चाकावरून खाली सोडली आणि तिला वाळूच्या पिशव्या अडकवल्या. कमरेवरून एक रुंद पट्टा घेऊन खाटेला बांधला. मी उभी राहून पाहत होते. मंजुळाही पाहत होती. तिने एक शब्द विचारला नाही. पट्टा आवळला तेव्हा तिने डोळे मिटले, एवढंच.

घरी आले. माझीच खोली, माझेच दोन पाट, पण त्या दिवशी एक पाट भिंतीला उभा करून ठेवावा लागला. भाकरी केली. जाड आहे म्हणायला कुणी नव्हतं. खिडकीखाली पेल्याचे तुकडे अजून तसेच पडले होते. दहा दिवसांपूर्वीपर्यंत मी असंच जेवत होते आणि मला काही वाटत नव्हतं. आता वाटायला लागलं.

शाळा सुटली की मी थेट दवाखान्यात जायची. मंजुळा बदलली होती. जे दिलं ते खाई. सुई टोचताना ओठ दाबून पडून राही. मी आले की माझ्याकडे बघे, गेले की बघत नसे. तिच्या शेजारच्या खाटेवर हमीदा नावाची दहाएक वर्षांची मुलगी होती, चिंचेवरून पडून मांडी मोडलेली. तिच्या बडबडीने सगळा वॉर्ड जागा असे. ती मला म्हणाली, "बाई, तुमची ही पोरगी मुकी आहे का? मी तिला किती गोष्टी सांगितल्या, भुताच्यासुद्धा. ती नुसती दाराकडे बघते."

सुवार्ता सिस्टर म्हणून एक वयस्क, जाडशा बाई होत्या. मी जायला निघाले की त्या दारापर्यंत येत. एकदा म्हणाल्या, "बाई, रडणाऱ्या पोरांची मला भीती वाटत नाही. रडतात, चावतात, मग माझ्याच गळ्यात पडतात. ही रडत नाही. हिच्या मनात काय चाललंय?"

"घरची आठवण येत असेल."

"आठवण आली की पोरं आईला हाका मारतात. ही एकदाही 'आई' म्हणाली नाही."

मी रस्ताभर त्यावर विचार केला. काही हाती लागलं नाही.

सूज उतरली. डॉक्टरांनी प्लास्टरचा दिवस ठरवला. आदल्या संध्याकाळी मी गेले तेव्हा मंजुळा माझी वाट बघत होती. पहिल्यांदाच. केस विंचरून दोन वेण्या घातलेल्या. तिने सिस्टरकडून मुद्दाम घालून घेतल्या होत्या. पोटावर तो नारळ.

मी स्टुलावर बसले. तिने नारळ दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. फोड आता."

"का गं? तुझा आहे ना?"

"फोड. मी ठरवलंय." मग पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाली, "आई, मी आता चांगली वागेन."

मी ते ऐकलं. कुणी मला तसं म्हटलं नव्हतं आणि पुढेही म्हणणार नव्हतं, हे मला त्या वयात पक्कं ठाऊक होतं. तिने ते पुन्हा एकदा म्हणावं असं मला वाटलं. एवढं लिहिते आणि पुढे जाते.

"मंजू, मला आई का म्हणतेस?"

"तू झालीस ना आई."

"कधी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्याकडे बघतात. "आजीने नाही का नारळ दिला माझ्या हातात? साखर पण घातली तोंडात. बबनला नाही का तसंच दिलं!"

बबन म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा. मूल नसलेल्या काकांना दत्तक दिला होता, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. आमच्याकडे रीत अशी होती, की मुलाच्या तोंडात साखर घालायची, हातात कुंकू लावलेला नारळ द्यायचा, आणि नव्या घरी गेल्यावर तो नारळ उंबऱ्याशी फोडायचा. नारळ फुटला की मूल त्या घरचं झालं. दादा चार लोकांत पोरीला घेऊन का निघाला, हे गावाला सांगायचं तर होतं. क्षयाचं नाव घ्यायचं नव्हतं. मग माझ्या आईने अख्ख्या गल्लीसमोर ही रीत केली होती. मला त्यातलं अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं.

"आजी काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, सुभद्रेला एकटीला करमत नाही, तिच्या ओटीत घातली पोर. बाळ आलंय आता. सगळ्या बायका म्हणाल्या, बरं केलं." ती थांबली. "आई खोलीत रडत होती. पण बाहेर नाही आली."

"आणि म्हणून तू नारळ फोडू देत नव्हतीस."

"हो. आणि मी वाईट वागत होते. तू मला परत पाठवावंस म्हणून. पण तू पाठवलंच नाहीस. आणि मग..." तिने आपल्या पायाकडे पाहिलं. पट्ट्या, दोरी, चाक, वाळूच्या पिशव्या, कमरेवरचा पट्टा. "मग तू मला इथे आणून बांधून ठेवलंस. मी गावाला पळून जाऊ नये म्हणून."

शेजारची हमीदा मान वळवून ऐकत होती.

"सिस्टर सकाळी म्हणाल्या, उद्या पक्कं बांधणार," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला. "नका ना बांधू. मी नाही पळणार. मी तुला रोज आई म्हणेन. तुझी भाकरी पण चांगली असते."

मी नारळ खाली ठेवला. मग टेबलावरची वाटी घेतली, तिचा हात हातात घेतला, मूठ वळायला लावली आणि ती मूठ वाटीत ठेवली.

"फिरव," मी म्हणाले.

तिने मूठ फिरवली.

"तुझ्या कमरेत अशी एक वाटी आहे आणि पायाच्या हाडाला वर अशी मूठ आहे. मूठ वाटीत फिरते म्हणून आपण चालतो, मांडी घालतो, उड्या मारतो. तुझ्या वाटीची कड आजाराने कुरतडलीय. मूठ तिथे घासते. म्हणून तू लंगडतेस, म्हणून रात्री ओरडतेस. ही वाळू तू पळू नयेस म्हणून बांधलेली नाही. मूठ वाटीपासून जरा लांब राहावी, घासू नये, म्हणून बांधलीय. बघ, पिशव्या खाली ओढतात, पाय लांब होतो."

ती वाटीकडे बघत होती. "मी काही केलं म्हणून झालं?"

"नाही."

"गूळ खाल्ला म्हणून?"

"गुळाने कुणाचं हाड कुरतडत नाही."

"मग उद्या?"

"उद्या तुला एका खोलीत नेतील. मी तिथे नसेन, मला येऊ देणार नाहीत. नाकावर एक जाळी धरतील, तिला उग्र वास येतो. घाण वास. तुला नको नको होईल. मग झोप लागेल. झोपेत ते तुझ्या पायाला ओलं प्लास्टर गुंडाळतील. गणपती करतात ना पांढरे, तसं. ते वाळून दगडासारखं घट्ट होईल. जागी झालीस की उलटी होईल कदाचित. पाय जड लागेल. खाज सुटेल आणि खाजवता येणार नाही."

"बाप रे," हमीदा म्हणाली. "माझं खाजतं तेव्हा मी शिव्या देते."

"दुखेल?" मंजुळेने विचारलं.

"सुई दुखेल, ती तुला माहीत आहे. आणि पहिल्या रात्री जरा दुखेल."

"किती दिवस?"

"दिवाळी इथेच. संक्रांतसुद्धा. होळीपर्यंत कदाचित."

"आणि मग?"

"मग घरी."

ती थांबली. डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. "कुणाच्या?"

"तुझ्या. आईकडे. अण्णांकडे. बाळाकडे. तुला कुणी कुणाला दिलेलं नाही, मंजू. आजी खोटं बोलली. आजाराचं नाव लोकांना कळू नये म्हणून."

"का?"

"लोक घाबरतात."

"तू?"

"मीही घाबरते."

तिने पायाच्या दोरीकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे मी आजारी आहे?"

"हो."

"खरीखुरी आजारी?"

"खरीखुरी."

तिचा चेहरा कसा उजळला, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात आजाराची बातमी ऐकून इतकं आनंदलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती उठून बसायला गेली, पट्ट्याने अडवलं, तशी उशीवर आडवी पडूनच ओरडली, "हमीदा! मी आजारी आहे! मला दिलेलं नाही, मी नुसती आजारी आहे!"

"अगं, इथे सगळेच आजारी आहेत," हमीदा म्हणाली. "त्यात काय एवढं!"

मंजुळा हसली. आणि हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले. "आई," तिने हाक मारली, पण ती मला नव्हती. ती दाराकडे तोंड करून मारलेली हाक होती. "आई गं! मला आई पाहिजे!" ती इतकी रडली की टोकाच्या खाटेवरची मुलंही रडायला लागली. सुवार्ता सिस्टर धावत आल्या. मला वाटलं, रागावतील. त्यांनी मंजुळेला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रडली एकदाची," त्या म्हणाल्या. "आता काळजी नाही."

भेटीची घंटा झाली. मी उठले तेव्हा मंजुळा हुंदके देत म्हणाली, "मग तुला आई नको ना म्हणू?"

"नको," मी म्हणाले. "आत्या म्हण."

"आत्या, नारळ घरी ने. इथे कुणी फोडेल. आणि तू पण फोडू नको हं."

"नाही फोडणार."

नारळ पिशवीत घालून मी चालत घरी गेले. वाटेत दिवे लागले होते. विसर्जन होऊन गेलेलं, मांडवांचे नुसते बांबू उभे होते. घरी येऊन नारळ देवापाशी ठेवला आणि दिवा न लावता बराच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर झालं. डॉक्टर कर्णिक मला म्हणाले, "तुमच्या मुलीने मला दम दिला. जाळी धरली तर म्हणते, वास घाण आहे ते मला माहीत आहे, आत्याने सांगितलंय, तुम्ही लवकर आटपा." मुलगी माझी नाही, भाची आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते ऐकल्यासारखं करून पुढच्या खाटेकडे गेले.

मी गावी निरोप धाडला, की वहिनीला घेऊन या, नाहीतर मीच न्यायला येते. दिवाळीनंतर सरूवहिनी तान्ह्या बाळाला घेऊन आली. भेटीचा तास ती मंजुळेच्या प्लास्टरवर गाल टेकून बसली होती. निघताना माझ्या पाया पडायला लागली. मी तिला धरलं.

होळी झाली, रंगपंचमी झाली, आणि मग प्लास्टर निघालं. आतला पाय काडीसारखा, पांढरा. काठी टेकून चालायला शिकली. दादा न्यायला आला तेव्हा तिला इतकी घाई झाली होती की चप्पलसुद्धा उलटी घातली. टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती हात हलवत होती. वर येऊन पाहिलं तर नारळ देवापाशी तसाच.

आता त्यातलं कोण कुठे गेलं ते सांगते. डॉक्टर कर्णिक पुढे पुण्याला गेले, तिथेच वारले. सुवार्ता सिस्टर निवृत्त झाल्यावरही नगरलाच होत्या. नाताळला मला करंज्या पाठवायच्या. शेवटी त्यांना दिसत नसे, पण माझा आवाज ऐकला की विचारायच्या, "तुमची न रडणारी कशी आहे?" हमीदाचं लग्न औरंगाबादला झालं एवढं कळलं. माझी आई नव्वदीत गेली. तिने शेवटपर्यंत गावात हेच सांगितलं, की सुभद्रेला पोर सांभाळता आली नाही, म्हणून परत पाठवली. ती गोष्ट गावात इतकी रुजली की अजूनही कुणी म्हातारी भेटली की मला विचारते, "का गं, चांगली दिलेली पोर का घालवलीस?" मी काही बोलत नाही. मंजुळेचं लग्न ठरेपर्यंत बोलायचं नव्हतं, आणि नंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. दादा गेला. त्यानंतर काही वर्षांनी सरूवहिनी गेली. त्या वर्षी जन्मलेलं बाळ आता वकील आहे आणि माझ्याशी फार प्रेमाने वागतं, पण त्याला यातलं काही माहीत नाही.

मंजुळा श्रीरामपूरला असते. एक पाय बोटभर आखूड आहे. दोन मुलं, नातवंडं. मी अजून त्याच खोल्यांत आहे. घरमालक बदलले, मी नाही बदलले. परवा ती आली होती. फडताळ आवरताना नारळ तिच्या हातात आला. काळा पडलेला, वाळून हलका झालेला. तिने कानाशी धरून हलवला.

"आत्या, अजून वाजतोय गं आत."

"गोटा झालाय. त्यात आता काय राहिलंय?"

ती तो हातात धरून उभी राहिली. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आई तर गेली आता. फोडू का?"

बाहेर कुणीतरी भंगार मागत हिंडत होतं. त्याची हाक दूर जाईपर्यंत मी थांबले.

"आधी चहा टाक," मी म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली. तिच्या पायांचा तो एक लांब आणि एक आखूड आवाज ओट्यापर्यंत गेला आणि थांबला. नारळ ती माझ्या मांडीवर ठेवून गेली होती.